हौसाआत्याचा हात आणि जुनी हार्डडिस्क

उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की मला राग येतो. साताऱ्यात मी जिथं काम करते त्या ऑफिसातल्या लोकांना वाटतं, हा राग रस्ता अडल्याचा आहे. सोमवारी मी घरून परत येते तेव्हा हमखास उशीर होतो. पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रांगत असतो, त्याच्या मागं दिवा नसतो, आणि चालकाच्या डोक्यावरच्या कर्ण्यातून अशी गाणी चाललेली असतात की मागच्याचा हॉर्न त्याला ऐकूच जात नाही. "काय, आज पण ट्रॉली?" असं कुणीतरी विचारतं आणि मी नुसती मान हलवते. खरं कारण सांगायला बसले तर सगळ्यांचा चहा गार होईल.

हंगाम सुरू झाला की कडेगावच्या बाजूची हवाच पालटते. सकाळच्या धुक्यात मळीचा वास मिसळतो, गोडसर, आंबूस. नव्या माणसाला तो सोसत नाही. आम्हाला त्याच्याशिवाय थंडी पडल्यासारखी वाटत नाही. तोडून झालेल्या फडात उरलेलं वाळकं पाचट पेटवतात आणि त्याची काजळी उडत येऊन दोरीवरच्या धुतलेल्या साडीवर बसते. शेळ्या उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं ओढत रस्ता ओलांडतात. हे सगळं मला लहानपणापासून आवडतं, अजूनही आवडतं. पण एका हंगामानं याच्या तळाशी काहीतरी कडू नेऊन ठेवलं आहे. दरवर्षी पहिली ट्रॉली दिसली की ते ढवळून वर येतं.

हौसाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. कडेगावजवळच्या एका गावात दिलेली. मूलबाळ नाही. नवरा अचानक गेला तेव्हा ती ऐन तिशीत होती. दीर म्हणाले, "जमीन आमी बघतो, तुमी दोन घास खाऊन सुखानं ऱ्हावा." आत्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि ट्रॅक्टर शिकायला लागली. गावात तिला शिकवायला कुणी पुढं येईना. मग साडी कमरेला खोचून, डोक्याला टॉवेल गुंडाळून ती मोकळ्या रानात स्वतःच शिकली. "पैल्यांदा बांध फोडला, मग लिंबाला ठोकली, मग याय लागलं," एवढंच ती त्याबद्दल सांगते.

पुढं तिनं स्वतःचा ट्रॅक्टर घेतला आणि स्वतःचा ऊस स्वतः कारखान्यावर नेऊ लागली. मी कॉलेजात असताना अधूनमधून तिच्याबरोबर जायचे. कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टरांची रांग, सगळे चालक बाप्ये, आणि त्यांत तंबाखू चोळत बसलेली माझी आत्या. ट्रॉली उलटी घेणं हे मोठं कठीण काम. चाक डावीकडं वळवलं की मागची ट्रॉली उजवीकडं जाते. डोक्यात दिशा उलटी धरून हात सुलटा चालवावा लागतो. आत्या मडगार्डवर एक हात टेकून, मान मागं वळवून, कुणाशीतरी बोलत बोलत ट्रॉली नेमक्या जागी लावायची. तिथं उभी असलेली माणसं बोलणं थांबवून बघायची. तिला ते माहीत असायचं. ती मुद्दामच कुणाकडं बघायची नाही.

त्या वर्षी दसरा झाला आणि एका सकाळी गोठ्यात तिचा डावा हात लुळा पडला. तोंड जरासं वाकडं झालं, जीभ जड झाली. शेजारी राहणारा तिच्या दिराचा मुलगा दिगंबर, त्यानं क्षणाचा विचार न करता तिला गाडीत घातलं आणि सांगलीला आणलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. हे दिगंबरचं श्रेय आहे आणि पुढं मी त्याच्याबद्दल जे काही लिहिणार आहे त्यानं ते कमी होत नाही.

आत्या लवकर सावरली. बोलणं सुटलं, चालणं आलं. राहिला तो डावा हात. दवाखान्यात व्यायाम करून घ्यायला एक तरुण मुलगी यायची. तिनं रबराचे मऊ गोळे आणले.

"हे दिवसातून जमेल तेवढं दाबायचे, आजी."

"आजी कुणाला म्हंतीस गं? आन् ह्ये गोळं दाबून मी काय करू? मला चाक दे हातात."

ती मुलगी हसली. म्हणाली, चाकच हवं असेल तर कॉम्प्युटरच्या गाडीच्या खेळाचं चाक मिळतं, टेबलाला बसवायचं. दोन्ही हात कामाला लागतील, डोळा आणि हात जुळतील. चांगली कल्पना आहे. फक्त खरी गाडी इतक्यात नको.

आत्याला ते एवढं पटलं की दवाखान्यातून घरी आल्याबरोबर तिनं दिगंबरला दुकानात पिटाळलं. तालुक्याच्या गावात एक कॉम्प्युटरवाला आहे. त्याच्या पाटीवर 'गेमिंग' हा शब्द बाकी सगळ्या शब्दांपेक्षा मोठा. त्यानं एक उंच डबा दिला, त्याच्या काचेतून निळे-तांबडे दिवे फिरायचे. आत्या सांगायची, दिवाळीचा आकाशकंदील घरात आणून ठेवल्यागत वाटत हुतं. बसवायला दुकानदार स्वतः आला होता. "मावशी, एक नंबर मशीन हाय. आन् जागा तर एवढी मोठी दिलीया की जलमभर भरायची न्हाई."

त्यात त्यानं शेतीचा खेळ घालून दिला. ट्रॅक्टर चालवायचा, नांगरायचं, पीक काढायचं, ट्रॉलीत भरायचं आणि गावातून बाजाराला न्यायचं. आत्यानं पहिल्या दिवशी नांगरट केली. हात थरथरत होता, पण नांगराचा तास सरळ आला. तिनं मला फोन केला. "वैशे, ह्यात माती उडतीया गं! खोटी हाय, पर उडतीया." मी साताऱ्यात ऑफिसच्या जिन्यात उभी राहून हसत होते. आमच्याकडं एका मोठ्या इमारतीचे नकाशे चालू होते, रजा मिळत नव्हती. म्हटलं, मिळाली की येतेच.

मग फोनवरचा तिचा आवाज उतरत गेला.

रानात होती तोवर सगळं बरं चालायचं. पण भरलेली ट्रॉली घेऊन गावाच्या रस्त्याला लागली, पहिली घरं दिसायला लागली, की पडद्यावरचं चित्र थबकायचं. पापणी लवेल एवढंच. कधी आवंढा गिळावा एवढं. आणि मग एकदम पुढं उडी मारायचं. मधल्या वेळात तिनं चाक वळवलेलं असायचं, पण पडद्याला त्याचा पत्ता नसायचा. चित्र उडी मारून पुढं येईपर्यंत ट्रॅक्टर खांबाला धडकलेला. कधी ओढ्यात. कधी एखाद्या घराच्या ओसरीवर.

आजारी माणसाला बघायला माणसं येतात, ही आपली चांगली चाल आहे. बिस्किटाचा पुडा ठेवायचा, 'कसं काय' विचारायचं, घोटभर चहा घ्यायचा आणि उठायचं. त्या हंगामात आत्याकडं आलेली माणसं उठेनात. समोर खेळ होता. कॉटवर, चौकटीत, खिडकीपाशी बसून ती आत्याला खांबाला धडकताना बघायची. ओठांतल्या ओठांत चुकचुकायची. "डोस्क्यापासनं हातापतूर सांगावाच जाईना झालाय बघा." "एवढी वाघीण बाई, काय झालं बघा." सगळं तिच्या देखत, मोठ्यानं. आजारी माणसाला ऐकू येत नाही असा आपला एक समज आहे, तो कुठून आला देव जाणे.

कॉम्प्युटरवाल्याला दिगंबरनं फोन केला होता. हे मला नंतर कळलं. तो म्हणाला, मशीनमध्ये काही नाही, मावशींचं वय झालं, त्यात असला आजार. माणूस न बघता, मशीन न उघडता, फोनवरून त्यानं हे सांगितलं. आणि दिगंबरला ते पटलं. मग दिगंबरनं आत्याचा धडकतानाचा व्हिडिओ काढला आणि व्यायामवाल्या मुलीला पाठवला. तिचं उत्तर आलं: प्रतिसादाला उशीर होतोय असं दिसतंय, खरं वाहन अजिबात चालवू देऊ नका. तिचा काही दोष नाही, असं सगळे म्हणतात. मी म्हणते, थोडा आहे. व्हिडिओत पडदा दिसत होता, धडक दिसत होती. हात दिसत नव्हता.

तेवढ्यावर ट्रॅक्टर विकायचं ठरलं. हंगामाचे दिवस, ट्रॅक्टरला मागणी. आष्ट्याचे बशीरभाई जुन्या ट्रॅक्टरांचा व्यवहार करायचे, ते येऊन गाडी बघून गेले. पसंत पडली. पुढच्या रविवारी येऊन घेऊन जातो म्हणाले. आत्या नाही म्हणाली नाही. ती तरी कशाच्या जोरावर नाही म्हणणार? तिच्या हाताविरुद्ध साक्ष तिच्या डोळ्यांनीच दिली होती.

"हात गेला गं वैशे," ती फोनवर म्हणाली. रडत नव्हती. पाऊस गेला म्हणावं तसं म्हणाली.

मी भांडून रजा घेतली आणि शुक्रवारी तिच्याकडं पोचले. ती अंगणात बसून उजव्या हातानं चहा पीत होती. डावा हात पदराखाली मांडीवर होता. आधी मला वाटलं, थंडी आहे म्हणून. मग ती उठली, कपबशी ठेवायला गेली, दार ढकललं, मांजराला हाकललं, आणि सगळं एकाच हातानं. डावा पदराखालून बाहेर आलाच नाही. पदरात काहीतरी लाजिरवाणं लपवावं तसा तिनं तो धरून ठेवला होता. रबराचे गोळे फडताळात धूळ खात होते. व्यायाम तिनं केव्हाच सोडला होता. गेलेल्या हाताला कुणी व्यायाम देतं का?

"तो खेळ तरी दाखव मला," मी म्हटलं.

"तूच बघ बसून. मला न्हाई बघवत."

म्हणून मी त्या खुर्चीत बसले. टेबलाला बसवलेलं चाक मी आधी कधी धरलं नव्हतं. रानातून निघाले, मजेत निघाले. गावाची पहिली घरं दिसली. चित्र थबकलं, उडी मारली, आणि मी खांबाला धडकले.

दिगंबर दारात उभा होता. हसला. "तुला सवय न्हाई, म्हणून व्हतंय."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. मी धडकले तर सवय नाही. आत्या धडकली तर हात गेला. खांब तोच, रस्ता तोच, थबकणं तेच. निकाल मात्र माणूस बघून.

मी परत गेले. परत तिथंच. आता मी चाकाकडं न बघता डब्याकडं लक्ष दिलं. घरं जवळ आली की आतून बारीक करकर यायची, कुणी दात खातंय तशी, आणि निळ्या-तांबड्या झगमगाटात कोपऱ्यातला एक इवलासा दिवा जळत राहायचा. करकर थांबली की चित्र उडी मारायचं. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. आमच्या ऑफिसातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर मोठा नकाशा उघडला की हीच करकर यायची आणि नकाशा हलवताना असाच अडकायचा. तिथं डिस्क बदलली होती, माणूस बदलला नव्हता.

खेळ चालू ठेवून मी कॉम्प्युटरचं कोणतं अंग किती राबतंय ते दाखवणारी खिडकी उघडली. बाकी सगळं निवांत होतं. डिस्क शंभर टक्के.

आत्याला मी कसं सांगितलं ते सांगते, कारण तिला कळलं म्हणजे कुणालाही कळेल. "हे बघ, या खेळातलं गाव आधीच तयार उभं नसतं. घरं, झाडं, माणसं सगळी डिस्कमध्ये ठेवलेली असतात. तू गावाजवळ गेलीस की ती तिथून आणून पडद्यावर मांडायची. जुन्या डिस्कमध्ये एक तबकडी फिरते आणि तिच्यावर एक सुई इकडून तिकडं शोधत पळते. एक घर इथं सापडतं, एक झाड पार तिकडं. सुईला वेळ लागला की पडदा तिची वाट बघत उभा राहतो. रानात नुसती माती, तिथं नवीन काही आणायचं नसतं, म्हणून तिथं बरं चालतं."

आत्यानं वाकून डब्याला कान लावला.

"म्हंजे माझा हात जाऊन पोचायचा. गावच यायचं न्हाई."

"होय."

"आन् ह्ये दुकानदाराला ठावं न्हाई?"

मी तिच्यासमोरच त्याला फोन लावला. आधी तो म्हणाला, मॅडम, पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसतो बघा, सेकंदाला किती चित्रं येतात त्याचा, तो किती चांगला आहे. मी म्हटलं, तो आकडा सरासरीचा आहे. दिवसभर चालता चालता कुणी एकदाच विहिरीत पडला तर त्याची चाल सरासरीनं उत्तमच भरणार. मग तो म्हणाला, चित्रं काढणारं ग्राफिक कार्ड मोठं घ्या. मी म्हटलं, डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलीय, कार्ड झोपा काढतंय. सरळ सांगा, डिस्क कुठली घातली आहे?

त्यानं आधी बिल शोधतो म्हटलं. मग, "जुन्या मशीनची काढलेली हाय. पर चांगली हाय, मॅडम. आन् जागा बघा की, केवढी मोठी मिळाली तुमाला."

जागा! या शब्दाची मला तेव्हापासून शिसारी आली आहे. जाहिरातीत बघा, खोक्यावर बघा: जागा केवढी ते मोठ्या अक्षरात. त्या जागेतून वस्तू काढायला किती वेळ लागतो ते कुठंच नाही. आता तबकडी नसलेली, सुई नसलेली, झटक्यात वस्तू काढून देणारी एसएसडी डिस्क कुठंही मिळते. आणि तरीही आजारातून उठू पाहणाऱ्या बाईच्या गळ्यात कुणीतरी आपली वापरून काढलेली डिस्क बांधतो, वर दिवे लावतो, आणि ती अडखळली की तिचं वय काढतो. साधी चूक असती तर मी एवढी चिडले नसते. वस्तू खराब निघते, होतं. पण त्यानं खराब वस्तू दिली आणि खराबपणा आत्याच्या हाताला चिकटवला.

शनिवारी मी कराडला जाऊन एसएसडी आणली. हातभर आकाराची काही नसते ती, काडेपेटीच्या चार डब्या शेजारी ठेवाव्या एवढी, पातळ. डबा उघडून मीच बसवली. खेळाची एक प्रत तिच्यावर घातली. जुन्या डिस्कवरची पुसली नाही, तशीच राहू दिली. दुपारी आत्याला बोलावलं. ती यायला तयार नव्हती. दोनदा हाक मारली तेव्हा आली, खुर्चीत बसली, आणि कितीतरी दिवसांनी डावा हात पदराबाहेर निघाला.

खोटं बोलायचं नाही: खेळ चालू होताना तो अगदी सुरुवातीला एकदा किंचित अडखळला. सगळंच डिस्कमुळं होतं असं नाही. खेळाचा पसारा मांडतानाच थोडी ओढाताण होते. चित्रंही आधीपेक्षा सुंदर झाली नाहीत, तो कोपऱ्यातला आकडाही होता तेवढाच राहिला. पण गाव आलं. पहिली घरं आली, देऊळ आलं, चौक आला, माणसं आली, आणि ट्रॅक्टर एका चालीनं त्यांच्यामधून गेला. डावा हात सावकाश होता, अशक्त होता, पण चाकाबरोबर होता. बाजाराच्या आवारात पोचल्यावर आत्यानं मान मागं वळवली. खेळात मान वळवून काही दिसत नाही, पण तिनं वळवली. आणि ट्रॉली उलटी घेऊन लावली.

मला वाटलं होतं ती हसेल. ती उठली आणि सरळ बाहेर गेली. मी मागं गेले तेव्हा गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती. तोंड लाल झालं होतं.

"मी बरी हुते, वैशे. मी बरी हुते आन् सगळ्यांनी मला न्हाई म्हणून सांगितलं. एकानं तरी बसून बघायचं का न्हाई त्या खुर्चीत? एकानं तरी?"

 एवढी माणसं आली, बसली, चुकचुकली, बिस्किटं खाऊन गेली. दिगंबर रोज होता. खुर्ची समोरच होती, चाक समोरच होतं. बसायला काय लागत होतं? कुणाच्या मनातच आलं नाही. आजारी बाई आणि नवीन मशीन यांत खोट कुणात असणार, हे सगळ्यांनी बसायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

रविवारी बशीरभाई आले. त्यांच्याबरोबर गाडी चालवत न्यायला एक माणूस. दिगंबर, त्याची बायको, शेजारपाजारच्या दोघी, आणि नेहमीप्रमाणे बघायला आलेली दोन माणसं, असा सगळा गोतावळा पुढच्या सोप्यात, कॉम्प्युटरच्या भोवती. दिगंबर किल्ली शोधत होता. ती आत्याच्या कमरेला होती.

"बशीरभाई, च्या हुईपतूर बसा जरा," आत्या म्हणाली. "दिगू, तू हितं बस. खुर्चीत. मला जरा चालवून दाव."

"मी कशाला, काकी?"

"आरं, बस म्हंते न्हवं." आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "जुन्यावरचा लाव."

दिगंबर स्वतः चांगला चालक. ऐटीत बसला. रानातून निघाला, रस्त्याला लागला, घरं आली. करकर झाली. धडकला. त्यानं मागं घेतलं, परत गेला, पुलाजवळ थबकला, ओढ्यात पडला. बघायला आलेल्यांतलं कुणीतरी सवयीनं चुकचुकलं आणि लगेच गप्प झालं. तिसऱ्या धडकेला दिगंबरनं चाकावर हात आपटला.

"आरं, ह्ये डबडंच अडकतंय! मी वळवतोय की!"

 आत्या त्याच्या खांद्याशी उभी होती. आवाज चढवला नाही तिनं.

"ऐकलंसा, बशीरभाई? दिगू चालवतोय तवा डबडं अडकतंय. मी चालवत हुते तवा माझा हात अडकत हुता."

मग तिनं त्याला उठवलं, स्वतः बसली, मला नव्या डिस्कवरचा खेळ लावायला सांगितला आणि सगळ्यांच्या देखत भरली ट्रॉली गावातून नेऊन उलटी लावली. बशीरभाई पुढं सरकून बघत होते, धंद्यातल्या माणसाच्या नजरेनं. शेवटी म्हणाले, "आक्का, खोटं कशाला बोलू, मला गाडी पायजे हुती. पर इकायची हाय का न्हाई, ते आता तुमी सांगा."

"न्हाई."

"मग च्या तेवढा घेऊन जातो."

तो चहा घेऊन ते गेले. माणूस म्हणून मला त्या सोप्यात तेवढे एकच पसंत पडले.

इथं सगळं गोड झालं असं लिहून थांबता आलं असतं, पण तसं झालं नाही. ट्रॅक्टर राहिला, तरी त्या वर्षीचा ऊस दुसऱ्याच्या ट्रॅक्टरनं गेला आणि आत्यानं तो बांधावर उभं राहून जाताना बघितला. तिनं व्यायाम पुन्हा सुरू केला. हात बराच सुधारला. पुढच्या हंगामाआधी सांगलीच्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून नीट तपासलं आणि रानात ट्रॅक्टर चालवायला परवानगी दिली. रस्त्यावर नाही. आता रस्त्यावर चालक असतो आणि आत्या शेजारी मडगार्डवर बसून त्याला शिकवत असते, कधी कधी शिव्या देत.

पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळ होत नाही. आजारानंतरचे पहिले महिने हाताला फार मोलाचे असतात, असं डॉक्टरच म्हणाले. त्या महिन्यांतले कितीतरी दिवस तो हात पदराखाली लपून होता. व्यायाम चालू राहिला असता तर ही बोटं सुटली असती का, असं मी विचारलं. नक्की सांगता येत नाही, म्हणाले. बरोबर आहे, त्यांना तसंच म्हणावं लागतं. मला तसं बंधन नाही. ती दोन बोटं एका जुन्या डिस्कनं आणि खोलीभर माणसांच्या खात्रीनं खाल्ली, असं मी म्हणते आणि म्हणत राहीन.

माफी कुणी मागितली नाही. दिगंबर म्हणाला, "झालं ते झालं काकी, मशीनच खराब निघालं." बघा, वाक्य कसं सरळ झालं. हेच वाक्य आधी तोंडात यायला त्याला स्वतः ओढ्यात पडावं लागलं. दुकानदाराची पाटी अजून तिथंच आहे, आता तिच्यावर दिवेही फिरतात. बघायला येणारी माणसं अजून बघायला येतात.

मला हल्ली जिथं तिथं हेच दिसतं. बँकेत म्हातारीला पडदा कळत नाही म्हणून मागं उभे असलेले उसासे टाकतात. पडदा कसा केला आहे ते कुणी बघत नाही. ऑफिसात नवीन मुलीचं काम रेंगाळलं की तिची हुशारी मोजतात. तिला दिलेला कॉम्प्युटर कोणत्या काळातला आहे ते कुणी विचारत नाही. वस्तू अडखळते आणि लाज माणसाला वाटते, कारण वस्तूला लाज वाटण्याची सोय नाही. आणि लाज वाटलेला माणूस हात पदराखाली घेतो. या गोष्टीवर मी शांतपणे बोलू शकत नाही. बोलावं असंही मला वाटत नाही.

यंदा कारखान्याचा बॉयलर पेटला त्या आठवड्यात मी आत्याकडं गेले होते. तिच्याबरोबर रेशनच्या दुकानात गेले. रांगेत पुढं गावातलेच एक म्हातारे होते, शंकरतात्या. त्यांचा अंगठा मशीन घेत नव्हतं. दुकानदार त्यांचं बोट धरून काचेवर दाबत होता, पुसत होता, परत दाबत होता. "तात्या, राबून राबून तुमचा अंगठाच गुळगुळीत झालाय, त्याला मशीन काय करणार? घरातलं दुसरं कुणीतरी पाठवा." रांगेतले चुकचुकले. तात्या ओशाळून आपल्या अंगठ्याकडं बघायला लागले, जणू तो आज पहिल्यांदाच दिसत होता. मग त्यांनी हात हळूच मागं घेतला.

आत्यानं पिशवी माझ्याकडं दिली, रांग सोडून पुढं गेली आणि दुकानदाराला म्हणाली, "आदी तुझा लावून दाव बघू."